डान्स बार : बंदीचा ताळेबंद

महाराष्ट्र शासनाने खाद्यगृहे, परमिट रूम आणि बिअर बार यांतील नृत्यावर बंदी घातली, त्यास आता वीस वर्षे होऊन गेली. या काळात बंदीच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले. कायदे झाले, रद्द झाले, नव्या नावाने पुन्हा झाले. परंतु कोणताही सार्वजनिक निर्णय ज्या हेतूने घेतला जातो तो हेतू साध्य झाला काय, त्याची किंमत कोणी मोजली आणि लाभ कोणाच्या पदरात पडला, हा ताळेबंद निर्णय घेणाऱ्यांनी कधी तरी मांडावयास हवा. या प्रकरणी तो मांडण्याचे कोणाच्याच सोयीचे नसावे. डान्स बार हा प्रश्न बहुतेकांना निव्वळ नीतीचा वाटतो. तो नीतीचा आहेच. पण तितकाच तो रोजगाराचा, परवान्यांचा आणि बाजारपेठेचाही आहे, आणि ही दुसरी बाजू नजरेआड केल्यामुळेच पहिल्या बाजूचीही हानी झाली, असे म्हणावे लागते.

कायद्याची वाटचाल

घटनाक्रम प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. मार्च २००५ मध्ये पनवेलचे शेतकरी कामगार पक्षाचे आमदार विवेक पाटील यांनी रायगड जिल्ह्यातील बारांचा प्रश्न विधानसभेत लक्षवेधी सूचनेद्वारे मांडला. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली. त्यासाठी काढावयाचा वटहुकूम राज्यपाल एस. एम. कृष्णा यांनी स्वाक्षरी न करता परत पाठविला. तेव्हा जुलै २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात ‘३३ अ’ व ‘३३ ब’ ही दोन कलमे घालणारे विधेयक एकमताने संमत झाले आणि ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, ते अमलात आले.

मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ही बंदी घटनाबाह्य ठरविली. मात्र निकालास स्थगिती मिळाल्याने व्यवहारात ती चालूच राहिली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय उचलून धरला. जून २०१४ मध्ये विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून तीच बंदी पुन्हा आणली. तिला १५ ऑक्टोबर २०१५ रोजी स्थगिती मिळाली. मग २०१६ मध्ये अश्लील नृत्यास प्रतिबंध आणि तेथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे संरक्षण अशा लांबलचक नावाचा स्वतंत्र कायदा आला. त्यातील व त्याखालील नियमांतील अनेक अटी सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०१९ रोजी रद्द केल्या. शाळा व प्रार्थनास्थळांपासून एक किलोमीटर अंतराची अट, नाचाच्या जागी कॅमेरे बसविण्याची सक्ती, नृत्याच्या जागी मद्य देण्यास मनाई, नृत्याची व मद्याची जागा वेगळी ठेवणारी भिंत या अटी गेल्या. संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळ, नोटा वा नाणी उधळण्यास मनाई, लेखी करार आणि मोबदला बँक खात्यात जमा करण्याची अट या गोष्टी राहिल्या.

एका राज्याची तीन मंत्रिमंडळे व निरनिराळ्या पक्षांची सरकारे एकाच विषयावर जवळजवळ एकमताने कायदे करतात आणि न्यायालये ते पुनःपुन्हा दुरुस्त करतात, असे दृश्य आपल्याकडे विरळाच. एकमत हे नेहमीच विचारांती आलेले असते असे नाही. ज्यांच्या बाजूने बोलल्याने एकही मत वाढत नाही, अशांविषयीचे एकमत तर फार स्वस्तात होते.

बंदीमागील भूमिका

बंदीच्या समर्थकांचे म्हणणे निव्वळ ढोंगाचे होते, असे मानणे अन्यायाचे होईल. पनवेल, उरण, खालापूर या पट्ट्यात नव्या शहरासाठी आणि वाढत्या बांधकामासाठी जमिनी गेल्या, मोबदल्याचा पैसा एकदम हाती आला आणि तो कोठे गुंतवावा याचे शिक्षण मात्र कोणीच दिले नाही. पिढीजात जमिनीचे रूपांतर रोख रकमेत झाले की ती रक्कम टिकविणे कठीण असते. महामार्गालगतच्या बारांत तरुण मुले एका रात्रीत हजारो रुपये उधळून येत, याचे दुःख त्या घरांतील स्त्रियांनी भोगले. त्यांची तक्रार खरी होती. अल्पवयीन मुलींना या व्यवसायात आणले जाते, बारांच्या आडून देहविक्रय चालतो, गुन्हेगारांचा तेथे वावर असतो, हे आक्षेपही निराधार नव्हते.

प्रश्न इतकाच की, या तक्रारींवर नृत्यबंदी हा उपाय होता काय? मुलींच्या व्यापाराविरुद्ध १९५६ पासून कायदा आहे. सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन हा भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ नुसार गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार तो गुन्हा आहेच. परवाना देणारा अधिकारी अटीभंगाबद्दल परवाना रद्दही करू शकतो. म्हणजे साधने होती. ती वापरली गेली नाहीत. न्यायालयीन कागदपत्रांत त्या वेळच्या बारांचा जो आकडा येतो तो बोलका आहे : परवानाधारक ३४५ आणि विनापरवाना सुमारे २,५००. याचा अर्थ दर आठ बारांपैकी सात बार कायद्याच्या कक्षेबाहेर, परंतु अर्थातच पोलीस ठाण्याच्या हद्दीत, रोज रात्री चालू होते. जे शासन आठातील सात बारांकडे परवाना मागू शकले नाही, त्याने अधिक कठोर कायद्याची मागणी करावी, यात कारभाराचे अपयश नीतीच्या वेष्टनात गुंडाळण्याचा प्रयत्न दिसतो.

या बाजाराची रचना

डान्स बार हा प्रकार १९८० च्या दशकात मुंबई व रायगड परिसरात रुजला आणि पुढील वीस वर्षांत फोफावला. त्याचा काळ ध्यानात घेण्यासारखा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या कापड गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचे जीवन उलथून गेले. स्थिर वेतनाचा, संघटित, पुरुषांचा रोजगार आटला आणि घरातील स्त्रियांना मिळेल ते काम पत्करावे लागले. बारमध्ये मद्य वाढण्याचे काम पत्करणाऱ्यांत गिरणगावातील काही मुली होत्या, याची नोंद बारबालांची बाजू न्यायालयात मांडणाऱ्या फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस यांनी केली आहे.

दुसरा प्रवाह उत्तरेकडून आला. बेडिया, नट, डेरेदार अशा ज्या समाजांत स्त्रियांचे गाणे-नाचणे हेच पिढ्यान्‌पिढ्यांचे उपजीविकेचे साधन होते, त्यांचे आश्रयदाते संस्थाने आणि जमीनदाऱ्या यांच्याबरोबर लयाला गेले. यांतील काही समाजांवर तर इंग्रजी अमदानीत जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला होता. जुना आश्रय गेला, नवे शिक्षण मिळाले नाही. अशा स्थितीत मुंबईच्या रोख पैशाने त्यांना नवा आश्रयदाता दिला. महानगराने या कलेला रंगमंच दिला नाही. मद्याच्या पेल्याशेजारची जागा दिली.

या धंद्याचा हिशेब साधा होता. मालकाचा मुख्य नफा मद्यावर. बाहेर ज्या किमतीस बाटली मिळते तिच्या कितीतरी पट किंमत आत आकारता येई, कारण गिऱ्हाईक मद्यासाठी नव्हे, नाच-गाण्यासाठी बसलेले असे. नाचणारीला बहुधा पगार नसेच. तिच्यावर उधळलेल्या नोटा गोळा होत आणि ठरलेल्या प्रमाणात तिच्यात व मालकात वाटल्या जात. म्हणजे उद्योगाचे आकर्षण जिच्या श्रमावर उभे होते ती कायद्याच्या दृष्टीने कामगारच नव्हती. ना हजेरीपट, ना भविष्य निर्वाह निधी, ना आजारपणाची रजा, ना बाळंतपणाची. अनौपचारिक क्षेत्राची जी लक्षणे आम्ही वर्गात शिकवितो, ती सारी येथे एकत्र आढळतात. शिवाय या धंद्यातील कमाईचा काळ अल्प असतो. शिक्षकाचे वेतन वयाबरोबर वाढते. नर्तकीची कमाई वयाबरोबर घटते. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मिळकतीवर तिला आयुष्य उभारावयाचे असते, आणि त्या मिळकतीवर घरातील किती तोंडे अवलंबून असतात हे सांगावयास नको.

बारबालांच्या संघटनेने, म्हणजे वर्षा काळे यांच्या नेतृत्वाखालील भारतीय बारगर्ल्स युनियनने, बंदीमुळे बेकार होणाऱ्या स्त्रियांची संख्या ७५,००० सांगितली. श्री. ना. दा. ठाकरसी महिला विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने आणि स्त्री-संघटनांनी २००५ मध्ये जी पाहणी केली, तिच्यातून यांतील बहुतेक स्त्रिया अल्पशिक्षित असून घरच्या प्रमुख कमावत्या आहेत, हे पुढे आले. इतक्या स्त्रियांचा रोजगार विधिमंडळाने एका अधिवेशनात संपविला. पुनर्वसनाची तरतूद मात्र कायद्यात एका ओळीचीही नव्हती. कारखाना बंद करताना नुकसानभरपाईचा प्रश्न निघतो, धरण बांधताना विस्थापितांचा निघतो. येथे तो निघाला नाही, कारण हे काम आहे हेच मुळी कोणी मान्य केले नव्हते.

बंदीने काय साधले?

अर्थशास्त्राचा एक प्राथमिक नियम असा की, मागणी कायम असताना केवळ पुरवठ्यावर बंदी घातली तर व्यवहार थांबत नाही. तो महाग होतो, गुप्त होतो आणि त्यातील जोखमीची किंमत सर्वांत दुर्बळ घटकाकडून वसूल केली जाते. मुंबई राज्यास हा धडा नवा नव्हता. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हातभट्टीचे साम्राज्य उभे राहिले, पोलिसांच्या हप्त्यांची पद्धत पक्की झाली आणि अखेर ती बंदी परवान्यांच्या मार्गाने सैल करावी लागली. ‘परमिट रूम’ हा शब्दच त्या माघारीची खूण आहे. आज तेच राज्य मद्यावरील करातून दरवर्षी हजारो कोटी रुपये मिळविते. मद्य विकणे नीतीला धरून, त्यावर कर घेणे तर राष्ट्रकार्यच. आणि त्याच खोलीत नाचणे मात्र समाजाचा अधःपात, अशी ही विभागणी आहे.

नृत्यबंदीनंतर नेमके हेच घडले. बार बंद पडले नाहीत. पुष्कळांनी ‘ऑर्केस्ट्रा बार’ अशी पाटी लावली. गाण्याचा परवाना घ्यावयाचा, मंचावर निवेदक, वादक आणि गायिका उभ्या करावयाच्या आणि दिवे मंद झाले की जुना व्यवहार चालू ठेवावयाचा. जेथे खरोखर केवळ गाणे होते, तेथील गायक-वादकांवरही संशयाची छाया पडली. परवान्याच्या अटींत मंचावर चार पुरुष आणि चार स्त्रिया असा आकडा ठरवून देण्यात आला होता. आठ कलावंतांत पाच गायिका असल्या तर समाजाची नीती ढळते आणि चार असल्या तर सावरते, या गणिताचा आधार काय, हे शासनास सांगता आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२२ रोजी ही स्त्री-पुरुषांची वेगवेगळी मर्यादा रद्द केली. एकूण आठ कलावंतांची मर्यादा तेवढी ठेवली.

गुप्ततेचा खर्च कोणी सोसला, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीतील एका बारवर पोलिसांनी धाड घातली, तेव्हा रंगभूषेच्या खोलीतील आरशामागे दडविलेल्या तळघरातून १७ स्त्रिया बाहेर काढण्यात आल्या. २००५ पूर्वी या स्त्रिया उजेडात, चार लोकांदेखत नाचत होत्या. बंदीने त्यांना आरशामागे कोंडले. ज्या कायद्याच्या उद्देशात स्त्रीची प्रतिष्ठा हा शब्द आहे, त्याच्या अंमलबजावणीचे हे फलित आहे. तळघरातल्या स्त्रीची मालकाशी सौदा करण्याची शक्ती ती काय असणार? ती तक्रार करू शकत नाही, कारण तिचे तेथे असणेच बेकायदा. ती काम सोडू शकत नाही, कारण दुसरे काम नाही. आणि धाड पडली की छायाचित्र तिचेच निघते, मालकाचे क्वचितच. अनेक स्त्रियांना बंदीनंतर निरुपायाने देहविक्रयाकडे वळावे लागले, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या निकालात नमूद केली आणि कायदा उलट परिणाम करणारा ठरल्याचा निष्कर्ष काढला. ज्या अनर्थापासून वाचविण्यासाठी बंदी होती, तोच अनर्थ तिने ओढवून घेतला.

दोन दर्जांची नीती

मूळ कायद्यातील ‘३३ ब’ हे कलम तर आपल्या सार्वजनिक नीतीचे अंतरंग उघड करणारे आहे. नाट्यगृहे, केवळ सभासदांसाठी असलेले क्लब व जिमखाने आणि तीन वा अधिक तारे मिरविणारी हॉटेले यांना त्याने बंदीतून वगळले. म्हणजे तेच गाणे, तेच नृत्य, तेच मद्य. फक्त बिलाचा आकडा मोठा आणि गालिचा जाड असला की तीच गोष्ट सांस्कृतिक कार्यक्रम ठरे. कारकुनाने पाहिले तर त्याचा अधःपात, कारखानदाराने पाहिले तर त्याचा विरंगुळा. श्रीमंतांची नीतिमत्ता अधिक भक्कम असते, असे गृहीत धरणारा हा भेद न्यायालयाने समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविला. त्यावर २०१४ मध्ये विधिमंडळाने काढलेला तोडगा असा की, सवलतच काढून टाकून सर्वत्र बंदी लागू करावी. समता आली, ती सर्वांना सारखेच वंचित करून.

तमाशाचा दाखला

नाचणाऱ्या स्त्रीविषयी महाराष्ट्राची वृत्ती अशी दुटप्पी असावी, हे नवे नाही. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली होती. पुढे ती अटींसह उठली. आज तोच तमाशा आपण महाराष्ट्राची लोककला म्हणून राज्याबाहेर अभिमानाने मिरवितो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, तरी त्यांच्या अखेरच्या दिवसांतील हलाखी सर्वश्रुत आहे. २००२ मध्ये त्या गेल्यानंतर त्यांच्या नावे शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. मोडनिंब, चौफुला, जामखेड येथील संगीतबारीच्या केंद्रांत आजही स्त्रिया बैठकीची लावणी गातात आणि नाचतात. तेथील जीवनही सुखाचे नाही. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ सालच्या आत्मकथनाने मराठी वाचकांस दाखवून दिले की, नाचणारीच्या पैशावर घरचे पुरुष बसून खातात आणि तिच्या वाट्याला ना संसार येतो ना सन्मान. म्हणून या व्यवसायांचे कोणी उदात्तीकरण करू नये. परंतु त्या आत्मकथनाचा लेखक शिकून डॉक्टर झाला, हेही विसरू नये. त्याची सुटका कोणत्याही बंदीने केली नाही. शाळेने आणि वैद्यकीय महाविद्यालयाने केली.

गोमंतकाचा अनुभव हेच सांगतो. देवळांच्या सेवेत गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतिणींच्या समाजाने विसाव्या शतकात शिक्षण, संघटना आणि संगीत यांच्या बळावर आपले स्थान पालटले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर याच परंपरेतून आल्या आणि दोघीही पद्मभूषण ठरल्या. केसरबाईंच्या स्वरांची ध्वनिमुद्रिका तर १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानातून अवकाशात गेली. तेथे गाणे बंद करून समाज वर आला नाही. गाणाऱ्यांच्या पुढच्या पिढीस अन्य मार्ग खुले झाले, म्हणून गाणे हा नाइलाज न राहता निवड झाली. नाइलाजाची निवड करणे, हेच खऱ्या सुधारणेचे काम असते.

पुढे काय?

यावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, बारमधील गायिका, नर्तकी आणि वाढपिणी यांना प्रथम कामगार मानले पाहिजे. लेखी करार आणि बँक खात्यातील मोबदला या २०१९ मध्ये न्यायालयाने कायम ठेवलेल्या अटी या दृष्टीने मोलाच्या आहेत. त्या पाळल्या जातात की नाही, हे पाहण्याचे काम केवळ पोलिसांकडे न ठेवता कामगार खात्याकडे सोपविले पाहिजे. पोलीस धाड घालतो. कामगार निरीक्षक हजेरीपट पाहतो. या स्त्रियांना धाडीची नव्हे, हजेरीपटाची गरज आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कचेऱ्यांइतकाच येथेही लागू आहे, याची जाणीव मालकांस करून दिली पाहिजे.

दुसरा निष्कर्ष परवान्यांविषयीचा. अटी जितक्या अशक्य, तितका परवाना दुर्मीळ आणि विनापरवाना चालू देण्याची किंमत तितकी जास्त. ही किंमत सरकारी तिजोरीत जमा होत नाही, हे वेगळे सांगावयास नको. पाळता येतील अशा मोजक्या अटी आणि त्यांची काटेकोर अंमलबजावणी, हाच भ्रष्टाचार कमी करण्याचा मार्ग आहे. अल्पवयीन मुलीस कामावर ठेवणाऱ्या मालकास मात्र कोणतीही दया नको. तेथे परवाना कायमचा जावा आणि खटलाही चालावा.

तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा, पण त्यास टाळ्या मिळत नाहीत. मद्यावरील करातून येणाऱ्या उत्पन्नाचा एक अल्पसा भाग या स्त्रियांच्या मुलांच्या वसतिगृहांवर, शिष्यवृत्त्यांवर आणि वय सरलेल्या कलावंतांच्या निवृत्तिवेतनावर खर्च केला, तर वीस वर्षांत जे कायद्यांनी साधले नाही ते एका पिढीत साधेल. आईचा पेशा मुलीवर लादला जाऊ नये असे खरोखर वाटत असेल, तर आईची मिळकत बंद करून ते होणार नाही. मिळकत बंद झाली की प्रथम मुलीची शाळा सुटते. आणि ज्या तरुणांच्या उधळेपणाची चिंता विधानसभेत व्यक्त झाली, त्यांच्यासाठीही हेच खरे आहे. जमिनीच्या मोबदल्याचे उत्पादक भांडवल कसे करावे याची व्यवस्था नसेल, तर एक दार बंद केल्याने पैसा घरात राहत नाही. तो दुसऱ्या दाराने बाहेर जातो.

समाजाने आपली नीती जपावी, यात दुमत नाही. परंतु नीतीचा खर्च नेहमी दुसऱ्याच्या खात्यावर टाकला जात असेल, तर तिला नीती म्हणावे की सोय, याचा विचार केला पाहिजे. येथे गिऱ्हाइकाची अब्रू शाबूत राहिली, मालकाची पाटी बदलली, खजिन्यातील कर चालू राहिला. या सर्व व्यवहारात जिची रोजी गेली ती एकटी नाचणारी स्त्री होती, आणि तिच्या प्रतिष्ठेसाठीच हे सारे केले, असे तिला सांगण्यात आले.